बाण कुठे न्यायचा?

यूपीआयवरून पाठवलेले पैसे एकतर पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, हे वाक्य लिहिताना काहीच खटकत नाही. तेच कागदावर काढायला घ्या: ‘सुरू’, ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ अशा तीन चौकटी आणि मधले बाण. आता खात्यातून पैसे कापले गेले, पण पलीकडून उत्तरच आलं नाही, तर बाण कुठे न्यायचा? ‘अयशस्वी’कडे नेला, तर ग्राहक पुन्हा पैसे भरेल आणि दोनदा कापले जातील, ‘यशस्वी’कडे नेला, तर दुकानदार बुडेल. ‘प्रलंबित’ ही चौथी चौकट काढावीच लागते. ती काढली, की तिच्यातून बाहेर पडायचं कधी, हा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये नेमकं याचंच उत्तर दिलं: दुकानदाराला पेमेंट मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे आकृतीचं खरं काम समजावून सांगण्याचं नाही, अडवण्याचं आहे. शब्दांत ‘इत्यादी’ म्हणून निसटता येतं. अर्धवट बाण मात्र डोळ्यांत खुपतो.

इस्रायलमध्ये १९८३ च्या सुमारास ‘लावी’ या लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या अभियंत्यांची अडचण अशीच होती. वर्णनाचे जाडजूड दस्तऐवज होते, पण अमुक स्थितीत तमुक बटण दाबलं तर काय होईल, याचं उत्तर त्यांतून चटकन सापडत नसे. सल्लागार डेव्हिड हॅरेल यांनी त्यातून ‘स्टेटचार्ट’ ही आकृतिपद्धत घडवली; पुढे ती यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृतिभाषेतही आली.

आकृत्यांवर जुना आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपशीलवार फ्लोचार्टचा प्रोग्रॅमिंगला लक्षणीय फायदा दिसला नाही. पण तसा फ्लोचार्ट कोडच्या ओळीच पुन्हा चौकटींत मांडतो. नवं काही विचारत नाही. स्थितींची आकृती मात्र कोडमध्ये दहा ठिकाणी विखुरलेलं एकत्र आणते. आकृत्या शिळ्या होतात, हेही खरंच. म्हणून त्या सजवून फाइलमध्ये जपण्याचा सोस मला व्यर्थ वाटतो. प्रश्न सुटला की कागद टाकून द्यावा. आणि व्याजदराच्या टप्प्यांसारखे नियम असतील, तर बाणांच्या भानगडीत न पडता सरळ तक्ता मांडावा.