मागचा एसी : गॅस भरण्याआधी एवढं तपासा

समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरून लोणारकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये जुन्या तवेरा, क्वालिस आणि सुरुवातीच्या इनोव्हा अजूनही दिसतात. घरातली आठ माणसं एका गाडीत मावतात, म्हणून त्या टिकून आहेत. मे महिन्यात मात्र त्यांचं एक दुखणं हमखास वर येतं. पुढे बसलेला काच वर करा म्हणतो आणि मागच्या सीटवरची आजी पदराने वारा घेत असते. मग गाडी एसीवाल्याकडे जाते, गॅस भरला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. कारण दोष कुठे आहे हे कोणी शोधलेलंच नसतं.

गैरसमज : मागच्या एसीची मशीन वेगळी असते.

वस्तुस्थिती : अशा गाड्यांत कॉम्प्रेसर एकच आणि कंडेन्सरही एकच असतो. तिथून निघालेल्या लाइनला दोन फाटे फुटतात. एक डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलकडे जातो, दुसरा मागच्या कॉइलकडे, बहुधा गाडीच्या पोटाखालून. प्रत्येक कॉइलला स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि स्वतःचा ब्लोअर असतो. त्यामुळे अर्धं निदान जागेवरच होतं. पुढे-मागे दोन्हीकडे गार होत नसेल, तर दोष सामाईक भागात. पुढे गारेगार आणि फक्त मागे कोमट असेल, तर कॉम्प्रेसरवर संशय घेण्याआधी मागचा फाटा तपासायचा.

गैरसमज : मागे गारवा नाही, म्हणजे गॅस संपला.

वस्तुस्थिती : आधी मागच्या जाळीसमोर हात धरा. वाराच येत नसेल, तर गॅसचा काही संबंध नाही. फ्यूज, रिले, वायरिंग किंवा ब्लोअरची मोटर पाहा. ब्लोअर फक्त सर्वात वरच्या स्पीडवर चालत असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर जळलेला असतो.

वारा येतोय पण गारवा नाही, अशा वेळी पॅनल उघडून मागच्या कॉइलचे दोन्ही पाईप हाताने तपासावेत. एसी चालू असताना बारीक पाईप गरम आणि जाड पाईप थंड, घाम आलेला असायला हवा. जाड पाईप थंड असूनही वारा मंद येत असेल, तर कॉइल धुळीने चोंदलीय किंवा डक्ट निसटलाय. जाड पाईप थंड होतच नसेल, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा गॅस खरोखर कमी आहे. गॅस थोडा कमी झाला की लांब लाइनमुळे त्याचा परिणाम अनेकदा मागे आधी जाणवतो. म्हणून गॅसचा संशय चुकीचा नाही, पण त्याचा नंबर शेवटचा.

गैरसमज : गॅस दरवर्षी भरावाच लागतो.

वस्तुस्थिती : गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद चक्रात फिरतो. जुन्या रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो, पण एका हंगामात गारवा गेला तर ते लीकेजच. पोटाखालच्या ॲल्युमिनियमच्या पाईपला खडी लागते, क्लॅम्पखाली चिखल साचून पाईप कुजतो, जोडावरची ओ-रिंग कडक होते. गॅसबरोबर तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. गाडीखाली पडणारं पाणी म्हणजे गळती नव्हे. ती कॉइलवर जमलेली हवेतली वाफ. तेच पाणी मागच्या सीटवर टपकू लागलं, तर निचऱ्याची नळी तुंबलीय.

गैरसमज : गेजवर प्रेशर दिसतंय, म्हणजे गॅस पुरेसा आहे.

वस्तुस्थिती : एसी बंद असताना गेज गॅसचं प्रमाण सांगत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी आर-१३४ए हा गॅस ४० अंश तापमानाला साधारण १३० पीएसआय दाखवतो. खात्रीचा मार्ग एकच : उरलेला गॅस काढून घ्या, गळती दुरुस्त करा, ड्रायर बदला, नीट व्हॅक्यूम करा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत, तेवढाच गॅस वजन करून भरा. जास्त भरल्याने गारवा वाढत नाही. प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर दमतो.

गैरसमज : गाडी उभी असताना गारवा गेला, म्हणजे कॉम्प्रेसर संपला.

वस्तुस्थिती : समृद्धीवर गार आणि लोणारच्या पार्किंगमध्ये गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सर पाहा. वेगात असताना समोरचा वारा त्याला थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा मंद असेल किंवा जाळी मातीने बुजली असेल, तर उष्णता बाहेर जात नाही. याउलट तासभर उत्तम चालून मग वारा मंदावत असेल आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुरळीत होत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतोय.

गैरसमज : कंडेन्सर सोड्याने धुतला की नव्यासारखा होतो.

वस्तुस्थिती : क्षार म्हणजे काय, हे लोणारकरांना सांगायला नको. सरोवराचं पाणी सोडियम कार्बोनेटमुळेच इतकं अल्कधर्मी आहे. धुण्याचा सोडा म्हणजे तेच रसायन, आणि कॉस्टिक त्याहून जहाल. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. साध्या पाण्याची हलकी धार पुरेशी आहे. प्रेशर वॉशरने नाजूक पत्र्या वाकतात.

गैरसमज : मागची लाइन दाबून टाकली की कटकट मिटली.

वस्तुस्थिती : मागचा एसी नकोच असेल, तर लाइन बंद करता येते, पण पक्कडीने पाईप चेपून नव्हे. फाट्याच्या जागीच दोन्ही तोंडांना बूच लावावं लागतं, नाहीतर उरलेल्या नळीत तेल साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. भरायचा गॅसही कमी करावा लागतो.

पैसे देण्याआधी एसीवाल्याकडून दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या : गळती कुठे सापडली आणि गॅस किती ग्रॅम भरला. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर भरलेला गॅस पुढच्या मेपर्यंत टिकेल याची खात्री धरू नका.