धक्कानळीच्या कसोट्या

धक्का म्हणजे काय, हे आमच्या मेहकरजवळचं लोणार सांगतं. अशनी आदळला, दाबाची भिंत ध्वनीपेक्षा वेगानं बेसाल्टमधून गेली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उरलं. मी असेच धक्के संगणकावर घडवतो, पण प्लाझ्मात, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला जुमानणाऱ्या तप्त वायूत. माझा प्रोग्रॅम खरं सांगतो का, हे धक्कानळीत तपासतात. दोन वाफ्यांत पाणी कमीजास्त भरून मधला बांध फोडावा, तसा दाट आणि विरळ वायूंमधला पडदा काढायचा आणि निघालेल्या लाटा माहीत असलेल्या उत्तराशी ताडायच्या.

इंजिनीअरिंगला असलेली पुतणी म्हणाली, "काका, लॅपटॉपवर सेकंदात होतात, तर सगळ्याच चाचण्या लावा ना!" लावता येतात. पण वीस चाचण्या पास झाल्या आणि वीसही एकच गोष्ट तपासत असल्या, तर विश्वास खोटा वाढतो.

सॉडची १९७८ची चाचणी घ्या. डावीकडे घनता १, दाब १, उजवीकडे ०.१२५ आणि ०.१. लाटा तीन, चुंबकीय क्षेत्र नाही. ब्रिओ आणि वू यांनी १९८८ मध्ये घनता-दाब हेच ठेवले, पण पडद्यापाशी उलटं फिरणारं क्षेत्र घातलं. मग सॉड काढून टाकावी? मी ठेवतो. ब्रिओ-वू बिघडली, तर दोष वायूच्या गणितात की क्षेत्राच्या, हे सॉडच सांगते. मात्र ब्रिओ-वूत क्षेत्र एकाच प्रतलात राहतं, त्यामुळे क्षेत्राला वळवणारी लाट त्यात उठतच नाही. शिवाय तिच्यातल्या जोडलाटेबद्दल, म्हणजे धक्का आणि पसरणारी लाट चिकटून चालतात तिच्याबद्दल, तज्ज्ञांत वाद आहे. तिथे गॅमा, म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, २ आहे. तो ५/३ करून जुन्या आलेखाशी तुलना करू नये.

र्‍यू आणि जोन्स यांच्या १९९५च्या '२अ' चाचणीत अशा प्लाझ्मात उठू शकणाऱ्या सातही लाटा येतात. एकच चाचणी निवडायची झाली, तर मी हीच घेईन. हेच आकडे दाई आणि वूडवर्ड यांनी १९९४ मध्येच वापरले होते. यादीत दोन्ही नावं दिसली, तर एक खुशाल काढा.

वाचलेला वेळ मी तीच '२अ' संगणकातल्या गणिताच्या जाळीवर तिरकी चालवण्यात घालवतो. सरळ नळीत लांबीच्या दिशेचं क्षेत्र बदलतच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम नकळत एकटा चुंबकीय ध्रुव, जो असायलाच नको, निर्माण करतो का, हे कळत नाही. तिरक्या नळीत ते उघडं पडतं.