एकजुटीने जगणारे जंतू

1683 साली डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने दातांवरचं किटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं. त्यात जिवंत प्राणी वळवळत होते. मग त्याने व्हिनेगरने चुळा भरल्या आणि पुन्हा किटण काढून पाहिलं, तरी प्राणी होतेच. पण खरवडलेलं किटण पाण्यात कालवून त्यावर व्हिनेगर घातलं, तेव्हा मात्र ते मेले. व्हिनेगर वरवरच्या जीवांनाच मारतं, आतपर्यंत पोचत नाही, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती. तरी बायोफिल्मचं, म्हणजे चिकट आवरणात एकजुटीने राहणाऱ्या जंतूंच्या थराचं, मर्म या माणसाच्या हाती लागलं होतं!

हेच कोडं फुप्फुसात जिवावर बेततं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशींमधून क्षार आणि पाणी नीट बाहेर येत नाही, श्वासनलिकांतला कफ घट्ट होतो आणि तो झाडून बाहेर काढणारी सूक्ष्म केसांची यंत्रणा अडकून पडते. तिथे स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू शिरतो. एरवी तो माती, पाणी, सिंकची मोरी अशा ओल्या जागी राहतो. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला तर हिरवट रंग धरतो आणि त्याला चक्क द्राक्षांसारखा वास येतो.

सुरुवातीला तो शेपटी हलवत एकटा पोहत असतो. मग चिकटतो, वाढतो. प्रत्येक जंतू काही रसायनं बाहेर सोडतो. आजूबाजूला ती पुरेशी साचली, म्हणजे गणपूर्ती झाली, की सगळे मिळून वागणं बदलतात. पुढे काही जंतूंच्या जनुकात बदल होतो आणि ते अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ भरमसाट बनवू लागतात. समुद्री शेवाळातही हाच पदार्थ असतो. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये निल्स हॉइबी यांनी 1970च्या दशकात रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जंतू सुटे नव्हते. चिकट आवरणात त्यांचे झुबके होते आणि भोवती पांढऱ्या पेशींचा गराडा. झुबका त्या पेशींना गिळता येत नाही. त्या तिथेच मरतात, त्यांच्यातला डीएनए सांडून कफ आणखी घट्ट होतो आणि त्यांनी सोडलेली रसायनं फुप्फुसालाच पोखरतात.

औषधाचं काय होतं? टोब्रामायसिन या अँटिबायोटिकवर धन विद्युतभार असतो, अल्जिनेट आणि डीएनएवर ऋण. त्यामुळे औषध वाटेतच अडकत, रेंगाळत जातं. पण खरी गंमत पुढे आहे. वरच्या थरातले जंतू आणि पांढऱ्या पेशी मिळून प्राणवायू संपवतात, म्हणून तळाचे जंतू जवळजवळ निजल्यासारखे पडून असतात. टोब्रामायसिन जंतूच्या आत शिरायला त्या जंतूचीच ऊर्जा लागते. निजलेला जंतू ते आत घेतच नाही! सुट्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शंभर ते हजार पट औषधही बायोफिल्मला कमी पडू शकतं. म्हणूनच प्रयोगशाळेचा अहवाल ‘औषध लागू पडतं’ म्हणतो आणि रुग्णाचा खोकला हटत नाही. नळीत तपासलेला जंतू सुटा असतो, छातीतला नसतो.

कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. ते जंतूचं आवरण फोडतं, त्यामुळे तळाचे सुस्त जंतू मरतात. वरचे जागे जंतू मात्र आपलं आवरण बदलून तग धरतात. त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक मारतं. ही दोन औषधं एकत्र द्यायची ती याचसाठी. मला या साऱ्या शास्त्रातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

तरी एकदा जंतूचं बस्तान बसलं की ते मुळासकट उखडणं फार क्वचित साधतं. मग वर्षानुवर्षं औषधाची वाफ ओढायची. वाफेतून ते थेट श्वासनलिकांत पोचतं. तिथे तेवढी मात्रा पोचेल इतकं टोब्रामायसिन शिरेतून दिलं तर मूत्रपिंडांना आणि कानांना इजा होऊ शकते.

त्यामुळे मुहूर्त महत्त्वाचा. कोपनहेगनच्याच डॉक्टरांनी 1991 साली 26 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेडक्यात जंतू दिसताच काहींना वाफेतून कोलिस्टिन आणि पोटातून सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. 27 महिन्यांत उपचार न झालेल्यांपैकी 58 टक्के रुग्णांत जंतूने कायमचं ठाण मांडलं, उपचार झालेल्यांपैकी फक्त 14 टक्क्यांत. अभ्यास लहान होता, पण त्याने उपचारांची दिशा बदलली.

आपल्याकडे हा जंतू ब्राँकायक्टॅसिसच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांतही सापडतो आणि भारतात या आजाराचं एक मोठं कारण आहे होऊन गेलेला टीबी. तेव्हा टीबी बरा झाल्यावरही खोकला आणि बेडका महिनोन्‌महिने चालू राहिला, तर दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून घेऊ नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि बेडक्याचं कल्चर करून घ्या.