बुद्ध्यांक कपाळावर लिहिलेला नसतो

"आयक्यू ८५च निघाला, आता याला शिकवून काय फायदा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी-महागाव-उमरखेड पट्ट्यात हे वाक्य इतक्यांदा कानी येतं की आता चीड येते.

८५ म्हणजे शंभरपैकी ८५ नव्हेत, आणि नापासही नव्हे. त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात. सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५च्या दरम्यान असतात. शिवाय त्याच मुलाची फेरचाचणी घेतली, तर पाच-सहा अंक सहज खाली-वर होतात.

आता हा आकडा येतो कुठून, ते पाहा. शाळकरी मुलांसाठी अजूनही वापरात असलेली एक चाचणी आपल्या नागपूरची आहे. डॉ. मालिन यांनी अमेरिकी वेक्स्लर चाचणीवरून ती बेतली. तिची पुस्तिका १९६९ची. निम्मी चाचणी बोलून उत्तरं देण्याची, निम्मी ठोकळे आणि चित्रांची. बंजारा तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं. विळा आणि कुऱ्हाड यांत सारखं काय, असं त्याला मराठीत विचारलं तर उत्तर ठाऊक असूनही ते शब्दापाशी अडतं. तोंडी भागाचे गुण घसरतात. तेच पोर ठोकळे मात्र झटक्यात जुळवतं. दोन्हींची सरासरी काढून एकच आकडा पालकांच्या हाती ठेवणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

आणि "शिकवून काय फायदा" हा प्रश्नच उलटा आहे. रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली: शाळेचं प्रत्येक वाढीव वर्ष बुद्ध्यांकात १ ते ५ अंकांची भर घालतं. कमी आकडा पाहून शाळा सोडवणं म्हणजे तो आकडा कमीच राहील, याची सोय करणं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बोटांच्या ठशांवरून बुद्धी कळत नाही, पैसे वाचवा. मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या खेळाला चाचणी म्हणत नाहीत. गणित कच्चं म्हणजे बुद्धी कमी, असंही नाही. चाचण्या टाकाऊ आहेत, हेही चूक: अध्ययन अक्षमता ओळखताना त्यांची मदत होते. पण बौद्धिक अक्षमता नुसत्या आकड्यावर ठरत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा रोजच्या व्यवहारातली अडचणही पाहायला सांगतो.

अहवाल हाती आला की विचारा: कोणती चाचणी, कोणत्या भाषेत घेतली? तोंडी आणि ठोकळ्यांचे गुण वेगळे दाखवा. आणि त्याआधी मुलाचे डोळे-कान तपासले होते का?