पदक हुकलेल्यांची शाळा

हांगझोऊ, सप्टेंबर २०२३. आशियाई स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशन रायफलची अंतिम फेरी सुरू होती आणि स्वप्नील कुसाळे आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात एक गोळी ७.६ गुणांवर गेली. संपलं! पदकाच्या दारातला माणूस चौथा आला. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता.

दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि सर्वांत शेवटी उभं राहून मारायचं. झोपल्यावर कोपरं जमिनीला टेकतात. उभं राहिलं की आठ किलोपर्यंतची रायफल स्वतःच्या अंगावरच तोलावी लागते. श्वास जरा चुकला, पायावरचा भार हलला, की नळीचं टोक लगेच चुगली करतं. त्यात थकवा, आणि कोण कितव्या क्रमांकावर आहे हे सगळ्यांना ठाऊक झालेलं. खेळाची सर्वांत अवघड परीक्षा मुद्दामच शेवटी ठेवलेली आहे.

थ्री पोझिशनचा हा खेळ स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः खेळलेल्या आहेत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्या महिलांच्या थ्री पोझिशनमध्ये उतरल्या. अंतिम फेरी मात्र गाठता आली नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि त्या, तिघीही संजय चक्रवर्तींच्या तालमीतल्या. पुढे प्रशिक्षक म्हणूनही अपयश चुकलं नाही. टोकियो ऑलिम्पिकमधून भारतीय नेमबाज रिकाम्या हाताने परतले, तेव्हा रायफल संघाची धुरा दीपालींकडेच होती. नंतर ती जबाबदारी गेली. स्वप्नील त्यांच्याकडेच शिकत राहिला.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, शातोरूच्या रेंजवर तो बसून मारताना सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा. उभं राहिल्यावर, म्हणजे नेमकं हांगझोऊत घसरला होता तिथेच, तो वर सरकत गेला. ४५१.४ गुण आणि कांस्य. ऑलिम्पिकमध्ये या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच पदक. त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार दीपालींना मिळाला.

उत्तम प्रशिक्षक व्हायला घरात सुवर्णपदक असावं लागतं, हा समज फिगर स्केटिंगमध्येही टिकत नाही. कॅनडाच्या ब्रायन ऑर्सरला १९८४ मध्ये ऑलिम्पिक रौप्य मिळालं. १९८८ मध्ये मायदेशातल्या कॅल्गरीत पुन्हा रौप्यच, तेही पंचांच्या ५-४ अशा निकालाने. पुढे त्याच्या हाताखाली किम युनाने २०१० मध्ये आणि युझुरू हान्यूने २०१४ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे अथेन्सच्या अंतिम फेरीत आठव्या आलेल्या सुमा शिरूर यांची शिष्या अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण पटकावलं.

जव्हार-मोखाड्यासारख्या दुर्गम भागात हे खेळ लांबचे वाटतात, आणि ते खोटं नाही. धावायला घाटरस्ता पुरतो. मोखाड्याशेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य जिंकली. रायफलला रेंज लागते, जाड जॅकेट लागतं आणि सरावाला रोजच्या रोज गोळ्या. पण स्वप्नीलही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा मुलगा. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि रायफल त्याच्या हाती आली ती तिथूनच पुढे.