क्लाउडच्या देखरेखीचा खर्च : एपीआय दर सांगतो, बिल नाही

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव हे महसूल मंडळ आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पावसाचा आकडा ओलांडला गेला की अतिवृष्टीची नोंद होते आणि सोयाबीन-तुरीच्या पंचनाम्याची चर्चा सुरू होते. म्हणूनच मंडळाच्या पर्जन्यमापकाला इथे इतके महत्त्व. राज्य शासनाने स्कायमेट या खासगी कंपनीच्या भागीदारीत ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. आता शेतकरी उत्पादक कंपन्या आणि छोटे उद्योजकही स्वतःच्या हवामान पेट्या बसवू शकतात. पेटीतली नोंद मोबाइलच्या सिमवरून क्लाउडवर जाते. पेटी चालू आहे की बंद पडली, हे पाहणारी व्यवस्थाही तिथेच लागते. तिचे महिन्याचे किती पैसे होतील, हा प्रश्न अशा कामाचा प्रस्ताव लिहितानाच येतो आणि उत्तर सहसा असे असते: ‘एपीआयला विचारा, तो आकडा देईल.’

पहिला गैरसमज इथेच आहे. एपीआय म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याची सोय. ॲमेझॉनचा प्राइस लिस्ट एपीआय फक्त दरपत्रक देतो. वापर किती होणार, हे त्याला ठाऊक नसते. बाजार समितीच्या फलकावर सोयाबीनचा भाव दिसतो. हातात किती पडले ते वजन, ओलावा आणि तोलाई-हमाली झाल्यावरच कळते. इथेही तसेच. दर एपीआयकडून घ्यायचा, मात्र वापराचा अंदाज आपणच बांधायचा.

उदाहरणासाठी कामरगाव परिसरात आणि आसपास मिळून ५० पेट्या धरू. प्रत्येक पेटी पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा अशा पाच नोंदी पाठवते. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत ही झाली २५० कस्टम मेट्रिक, म्हणजे आपण स्वतः पाठवलेली मोजमापे. पहिल्या १०,००० मेट्रिकपर्यंत दर आहे महिन्याला प्रत्येकी ०.३० डॉलर. दहा मेट्रिक मोफत असतात; ती वजा केली की २४० उरतात, म्हणजे ७२ डॉलर. १८ टक्के जीएसटी धरला की ८४.९६. दरपत्रकातल्या आकड्यात कर नसतो, हे प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या हमखास लक्षातून जाते.

‘नोंदी जितक्या वेगाने पाठवू तितके मेट्रिक महाग’ असेही अनेकांना वाटते. मेट्रिकचा दर वेगावर ठरत नाही. वेगाने वाढते ती पाठवण्याच्या विनंत्यांची संख्या. दर दहा मिनिटांनी एक विनंती पाठवली तर ५० पेट्यांच्या महिन्याला २,१६,००० विनंत्या होतात. दहा लाख विनंत्या मोफत असल्याने त्यांचा खर्च शून्य. दर मिनिटाला पाठवल्या तर २१ लाख ६० हजार होतात आणि वरच्या ११ लाख ६० हजारांना, हजारी एक सेंट दराने, ११.६० डॉलर पडतात. पाऊस कोसळत असताना मिनिटाची नोंद मोलाची असते, तेव्हा हे पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही.

खरी वाढ होते ती डायमेन्शनने. डायमेन्शन म्हणजे मेट्रिकला जोडलेली ओळखचिठ्ठी: पेटीचे नाव, मंडळ वगैरे. चिठ्ठ्यांचा प्रत्येक वेगळा संच हे वेगळे मेट्रिक धरले जाते. कुणी हौसेने ‘नोंदीची प्रत’ नावाची चिठ्ठी जोडली आणि तिच्यात ‘ठीक’, ‘शंकास्पद’, ‘बाद’ अशी तीन मूल्ये ठेवली, की २५० ची जास्तीत जास्त ७५० मेट्रिक होऊ शकतात. नोंद ज्या तासांत आली त्याच तासांची आकारणी होत असल्याने बिल नेमके तिप्पट होईलच असे नाही. पण अंदाजपत्रकात ही शक्यता यायलाच हवी. दर सांगणाऱ्या एपीआयला या तीन मूल्यांचा पत्ता नसतो.

याहून मोठा आणि महागडा गैरसमज म्हणजे ‘पाहायला काय पैसे लागतात?’ लागतात. साठवलेल्या नोंदी प्रोग्रॅममधून मागवण्यासाठी गेटमेट्रिकडेटा ही विनंती वापरतात. तिची आकारणी विनंतीवर नसून मागितलेल्या मेट्रिकवर होते: हजार मेट्रिकला एक सेंट. दहा लाखांच्या मोफत कोट्यात ती बसत नाही. आता कुणी बाहेरचा डॅशबोर्ड जोडला आणि तो दर मिनिटाला सगळी २५० मेट्रिक मागवू लागला, तर दिवसाला ३,६०,००० आणि ३० दिवसांत १ कोटी ८ लाख. बिल १०८ डॉलर. नोंदी ठेवण्याला ७२ आणि नुसत्या पाहण्याला १०८! पेट्याच दहा मिनिटांनी नोंद पाठवत असतील तर मिनिटामिनिटाला विचारून नवे काहीच मिळत नाही. डॅशबोर्डची वेळही दहा मिनिटांवर आणली की हाच खर्च १०.८० डॉलरवर येतो. ही एकच दुरुस्ती बरेच पैसे वाचवते.

झालेला खर्च विचारण्याचा एपीआय वेगळा. त्याचे नाव कॉस्ट एक्स्प्लोरर. वेब कन्सोलवर तो फुकट पाहता येतो, म्हणून एपीआयही फुकटच असणार असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक विनंतीला एक सेंट पडतो आणि उत्तर अनेक पानांत आले तर प्रत्येक पानाला वेगळा. खर्चावर ‘लाइव्ह’ नजर ठेवायची म्हणून दर मिनिटाला विचारणारी स्क्रिप्ट महिन्यात ४३,२०० विनंत्या करते. झाले ४३२ डॉलर, ज्या देखरेखीवर नजर ठेवायची तिच्या कितीतरी पट. त्यातही आतली माहिती मिनिटाला बदलत नाही. ती २४ तासांत किमान एकदा ताजी होते. दिवसातून तीनदा विचारले तरी पुरे, आणि त्याला महिन्याला ०.९० डॉलर लागतात.

‘एस्टिमेटेड चार्जेस’ हे मेट्रिक तर नावामुळेच फसवते. तो महिनाअखेरचा अंदाज नव्हे. महिन्याच्या सुरुवातीपासून आतापर्यंत साचलेली ती रक्कम असते. बिलिंगचा महिना जागतिक प्रमाणवेळेने चालतो, त्यामुळे भारतात तो १ तारखेला पहाटे साडेपाचला सुरू होतो. शिवाय हे मेट्रिक फक्त अमेरिकेतल्या नॉर्थ व्हर्जिनिया विभागात (रीजनमध्ये) दिसते. मुंबई विभागात शोधणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो सेवाच बंद आहे असे समजून बसतो. पुढचा अंदाज हवा असेल तर गेटकॉस्टफोरकास्ट ही वेगळी विनंती आहे. तीही मागच्या वापरावरून गणित मांडते. नव्या खात्यात पुरेसा इतिहास नसेल तर आकडा न देता त्रुटी दाखवते. पुढच्या हंगामात पेट्या दुप्पट करायचा बेत असला, तरी तो तिला कळत नाही.

विभागाचा मुद्दाही थोडा थांबून पाहावा असा आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला आणि दरपत्रकाचा एपीआय ज्या तीन ठिकाणांहून मिळतो त्यांत मुंबई आहे. उरलेली दोन व्हर्जिनिया आणि फ्रँकफर्ट. पण मुंबईतून विचारले म्हणजे मुंबईचेच दर आले, असे नाही. उत्तरात जगभरच्या विभागांचे दर असतात आणि चाळणी आपल्याला लावावी लागते. वापराच्या सांकेतिक नावापुढे मुंबईसाठी ‘एपीएस३’ लागते. घाईत ‘एपीएस१’ निवडले तर हाती पडतात सिंगापूरचे दर. विभागागणिक दर बदलतात: लॉग, म्हणजे यंत्रणेच्या कामकाजाच्या नोंदी, साठवायला घेण्याचा दर व्हर्जिनियात जीबीला ०.५० डॉलर, तर मुंबईत ०.६७. रोज एक जीबी लॉग येत असतील तर ३० जीबीतून मोफत ५ वजा जाऊन मुंबईत १६.७५ डॉलर होतात. लॉग किती दिवस ठेवायचे हे ठरवून दिले नाही, तर ते कायमचे राहतात आणि साठवणुकीचे भाडे वाढत जाते.

असे चकवे ॲमेझॉनखेरीज इतर क्लाउडवरही आहेत. मायक्रोसॉफ्ट अझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५ पासून आहे. नाव ऐकून विदर्भातल्या माणसाला नागपूर आठवेल, पण तो आहे पुण्यात. अझ्युअरचा किरकोळ दरांचा एपीआय लॉगिनशिवाय चालतो आणि रुपयांत दर देतो, ही मोठी सोय. मात्र पायऱ्यापायऱ्यांचे दर तिथे अनेक ओळींत येतात. पहिल्या पायरीचा दर शून्य असला आणि प्रोग्रॅमने फक्त पहिली ओळ उचलली, तर सगळी सेवाच फुकट दिसते. गूगलच्या दरसूचीत रक्कम दोन भागांत असते: पूर्ण डॉलर एका रकान्यात आणि अपूर्णांक अब्जांशांत दुसऱ्या रकान्यात. ०.२५८ डॉलर तिथे शून्य आणि २५,८०,००,००० असा लिहिलेला असतो. पहिलाच रकाना वाचणाऱ्याच्या हाती पुन्हा शून्य.

बजेटचा इशारा लावला की खर्च थांबतो, हाही समज सोडलेला बरा. इशारा म्हणजे फक्त सूचना. तोही काही तास मागे असलेल्या आकड्यांवर येतो. खर्च थांबवायचा असेल तर तशी कृती वेगळी ठरवून द्यावी लागते.

शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा ग्रामपंचायतीला असा प्रस्ताव देणाऱ्या तरुणांना एक सांगणे आहे. महिन्याची रक्कम लिहाल तिथेच दर कोणत्या विभागाचा, कोणत्या तारखेला घेतला, मेट्रिक किती धरली, डॅशबोर्ड किती मिनिटांनी विचारणार आणि जीएसटी धरला की नाही, हेही लिहा. दर बदलतात, पेट्या वाढतात. गृहीतके कागदावर असली की वर्षाने दुसरा कुणीही बसून तोच हिशेब पुन्हा मांडू शकतो.