दाब दोनवरून दहावर

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री पाळी बदलली, तेव्हा मिथाइल आयसोसायनेटच्या ई-६१० या टाकीतला दाब २ पौंडांवरून १० पौंडांवर गेला होता. तशी नोंदही झाली. पण २ ते २५ हा सगळाच पल्ला नेहमीचा मानला जाई, म्हणून कुणी दचकलं नाही.

मापदंड ठरवा, प्रत्यक्ष काम मोजा, दोन्ही ताडून पाहा, तफावत दिसली की दुरुस्त करा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नियंत्रण असं चार वाक्यांत उरकतं आणि परीक्षेला तेवढं पुरतंही. भोपाळमध्ये मापदंडच इतका ऐसपैस होता, की तासाभरात पाचपट झालेला दाबही त्यात मावला. त्यात काट्यांवर कामगारांचा भरवसा राहिला नव्हता. ते चुकीचे आकडे दाखवतात, हा रोजचाच अनुभव होता. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, तेव्हा गळती चहानंतर पाहायचं ठरलं.

तापमानाची गोष्ट याहून वाईट. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं, असा नियम होता. पण १९८४ च्या जूनमध्ये शीतकरण यंत्रणाच बंद करण्यात आली. टाकी कायम गरम राहू लागल्यावर तापमानवाढीचा इशाराही कुचकामी ठरला. म्हणजे तफावत मिटवायच्या ऐवजी तीच रूढ झाली. वायू जाळणारी ज्योत-मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसं मेली.

कुणाला काहीच माहीत नव्हतं, असंही नाही. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीच्या पथकानेच कारखाना तपासून गंभीर दोष नोंदवले होते. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध करत होते. दोषांवरच्या उपायांचे अहवाल कागदावर सरकत राहिले. म्हणजे तफावत मोजली गेली, ताडलीही गेली. अडलं ते शेवटच्या पायरीवर. तिथेच पैसे लागतात आणि उत्पादनही थांबवावं लागतं.

१९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं. अशा कारखान्यांत कामगारांचा समावेश असलेली सुरक्षा समिती आवश्यक झाली. धोका जवळ आल्याची रास्त शंका आली, तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेस आणायचा आणि त्यांनी ताबडतोब उपाय करायचा, असंही त्यात होतं.